एका दमात

४ फेब्रुवारी

आले एकदाची. खोली लहान आहे, पण माझी आहे. लोखंडी पलंग, टेबल, भिंतीतलं कपाट. त्याचं दार नीट लागत नाही. खालच्या मजल्यावर स्टुडिओ आणि त्याच्या खाली शिंप्याचं दुकान. जिना उतरला की कामावर. शिंप्याने बॅग चढवायला हात लावला आणि विचारलं, गाणी करता ना? मग माझ्या मशीनचा आवाज तेवढा गाण्यात घेऊ नका, ते आधीच बेसूर आहे. मी हसले. पहिल्याच दिवशी हसू आलं, म्हणजे जमेल.

ताईला फोन केला. ती म्हणाली, तुला एकटीला कधी झोप लागलीये का? आठ दिवसांत परत येशील. लहानपणापासून आम्ही एका खोलीत झोपायचो, लाइट गेले की मी तिचा श्वास ऐकत पडायचे. म्हटलं, बघूच. माझं नाव येणारा हा पहिलाच अल्बम. परत जाणार नाही.

६ फेब्रुवारी

आज तोंडाळ भेटला. हे त्याचं रॅपचं नाव. शाळेत बाई याच नावाने हाक मारायच्या, म्हणून तेच ठेवलं म्हणे. प्रत्यक्षात इतका हळू बोलतो की पुन्हा विचारावं लागतं. माइकसमोर उभा राहिला की दुसराच माणूस.

अल्बमभर एकच गोष्ट आहे. एक माणूस नव्या शहरात येतो, खोली घेतो, काम धरतो. प्रत्येक गाण्यात त्याचा आवाज ऐकू येणारं एकेक माणूस कमी होत जातं. आधी दुकानदार, मग कामावरचे सोबती, मग शेजारी. शेवटच्या गाण्यात तो घरी परततो आणि दार ठोठावतो. गोष्ट तिथेच थांबली आहे. दार उघडतं की नाही, हे तोंडाळला अजून सुचलेलं नाही. ते कडवं लिहायला तो आईकडे चालला आहे. तोवर झालेलं रेकॉर्डिंग मी साफ करायचं. निघताना म्हणाला, मला सगळं कसं एका दमात हवंय.

९ फेब्रुवारी

गाणाऱ्याने ओळीआधी घेतलेला श्वास माइकमध्ये येतोच. एरवी आम्ही तो हलका करतो, काढत नाही. पण त्याला एका दमात हवं आहे. मग तसंच. श्वास शोधायचा, कापायचा, दोन्हीकडचे शब्द जोडायचे. कापलेलं फेकायचं नाही ही माझी सवय. सगळे श्वास वेगळ्या ट्रॅकवर ओळीने ठेवले.

स्टुडिओला खिडकी नाही. भिंतींना जाड फोम आहे, स्वतःची हाकसुद्धा परत येत नाही. आज फक्त शिंप्याशी बोलणं झालं. जिन्यातल्या दिव्याबद्दल.

१२ फेब्रुवारी

काम झालं. त्याला पाठवलं. ऐकताना आपल्यालाच गुदमरायला होतं, इतकं सलग.

दुपारी त्याचा फोन आला. हसत होता. म्हणाला, अगं बाई, एका दमात म्हणजे गोष्ट मध्ये तुटू नये, एवढंच. तू तर माझा दमच काढलास की. मीही हसले, ओशाळून. श्वास परत जागेवर ठेव म्हणाला. मग खोकला. परवापासून जिना चढलो तरी धाप लागते, म्हणाला. उद्या करते, असं मी सांगितलं.

१३ फेब्रुवारी

परत ठेवण्याआधी तो ट्रॅक एकदा नुसताच ऐकला. शब्द नाहीत, फक्त श्वास. एकामागून एक. शेजारच्या पलंगावर कोणी झोपलं असावं तसे. ऐकता ऐकता खुर्चीतच डोळा लागला. इथे आल्यापासून पहिल्यांदा गाढ झोप.

आज ठेवायचं राहून गेलं.

१५ फेब्रुवारी

ट्रॅक छोट्या स्पीकरवर घेऊन वर आणला. उशाशी ठेवते. जेवताना लावते, भांडी घासताना लावते. खोलीत कोणीतरी आहे असं वाटतं.

तोंडाळने विचारलं, झालं का? होतंय, म्हटलं. त्याची आई मागून ओरडत होती की फोन ठेव आणि पड जरा, मोठा आलाय गाणारा. तो हसायला गेला. हसू अर्ध्यावर राहिलं.

सगळे परत ठेवले की ट्रॅक रिकामा होणार. प्रत काढून बघितली. प्रतीत काहीच ऐकू येत नाही. का, ते कळत नाही.

उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना लक्षात आलं की स्पीकर बंद आहे. श्वास चालूच होता. उशीच्या डाव्या बाजूला.

मी घाबरले नाही. हेच लिहून ठेवायला हवं. मी पलंगावर थोडी सरकून जागा केली.

१८ फेब्रुवारी

त्याचा फोन. एक शब्द, मग काही नाही. पुन्हा एक शब्द. मधल्या जागेत श्वास घेतल्याचा आवाज नव्हता. मी कापलं होतं अगदी तसं. म्हणाला, परत — दे —

आईने फोन घेतला. म्हणाली, डॉक्टर म्हणतात छाती स्वच्छ आहे. मग पोराचा श्वास जातो कुठे? तू त्याच्यासोबत काम करतेस ना, तुला काही ठाऊक आहे का गं?

मी धावत खाली गेले. ट्रॅक उघडला. तुकडे सगळे जागेवर. त्यांत आवाज नाही. सपाट रेघ.

तो वर आहे. माझ्या खोलीत. त्याला कसं खाली आणायचं — कशात —

१९ फेब्रुवारी

तोंडाळ गेला.

आई म्हणाली, शेवटपर्यंत ओठ हलत होते. कडवं सुचलं होतं त्याला. आवाजच फुटला नाही.

पाच दिवस माझ्या हातात होतं. मला झोप हवी होती.

२० फेब्रुवारी

उशीपाशी नाही आता. जवळ आलाय. मी श्वास घेते, सोडायच्या आत दुसरा येतो. माझा नाही.

शिंप्याने जिन्यात विचारलं, पाहुणे आलेत वाटतं? दोघं पळत आल्यासारखे धापा टाकताय. मी एकटीच होते.

२१ फेब्रुवारी

ताईचा फोन. सोबत कोण आहे, विचारलं. कोणी नाही म्हटलं. मग फोनवर पुरुषासारखा श्वास कोण घेतंय? ती म्हणाली, दार लावून घे, मी निघाले. उद्या पोचते.

तिला येऊ नको म्हणायचं होतं. तोंड उघडलं — दुसरंच काही — ओळ होती — यमकासकट —

२२ फेब्रुवारी

स्टुडिओत. माइक चालू आहे. मी लावला नाही.

कडवं येतंय. हात लिहितो, तोंड म्हणतं. मध्ये श्वास घेतला तर तो घेतो, मग माझा —

ताई आली असावी. फोममधून नीट ऐकू येत नाही. दार ठोठावतेय. उठता येत नाही — कडवं अर्धं आहे — हे संपलं की मी उठेन मी उठेन आणि दार उघडेन आणि ताई म्हणेल बघ एकटीला राहवलं नाही ना आणि मी म्हणेन हो ताई मी हरले मी दमले मला घरी ने माझ्या पलंगावर झोपव आणि तू शेजारी झोप मी तुझा श्वास ऐकत पडेन मी रस्ताभर काही बोलणार नाही मी शहाण्यासारखा गप्प बसेन मी लांबून आलो आहे ताई किती दारं ठोठावली कोणी ऐकलं नाही आता तू तरी ऐक आलो एकदाचा दार उघड मी बाहेर उभा आहे आत कोणी नाही आत ती नाही मी एकटाच आहे थोडी जागा कर मी फक्त एक श्वास