बसायची नोकरी

९ जानेवारी १९६२, अकोला

लघवीत साखर! ब्लडप्रेशरही वर. डॉक्टर वामनरावांनी विचारलं, "दिवसाचे किती तास बसता?" म्हटलं, कचेरीत कारकून आहे, बसण्याचाच पगार घेतो. ते हसले नाहीत. वजन उतरवा, रोज तीन मैल चाला, नाहीतर हृदय दगा देईल म्हणाले. वय एक्केचाळीस. चालायचं नुसतं मनात आणलं तरी दमायला होतं – आणि दिवसभर केलं काय? फायली सरकवल्या.

आईला सांगितलं नाही.

१५ जानेवारी

जुन्या शहरातून मोर्णेचा पूल ओलांडून कचेरीपर्यंत पायी. दोनदा थांबलो. ऐन थंडीत शर्ट भिजला!

१८ जानेवारी

शेजारच्या केशरबाईनं आईला गाठलं – "देवमनची नोकरी गेली का वो? पायी जाऊन राहिला!" झालं. आई जेवेना. शेवटी सांगून टाकलं – साखर निघाली आहे, चालायला हवं.

"साखर? आपल्या घरात? गूळ पाहाले भेटत नोता!" मग रडायलाच लागली. "चालाले मी होती ना! लोकायच्या वावरात निंदू निंदू तुले बसाले शिकोलं. अख्ख्या वस्तीत खुर्चीवर बसनारा तू पह्यला!" तिच्यापुढे डॉक्टर कोण! संध्याकाळी तिनं श्रावणची रिक्षा ठरवूनही टाकली.

४ फेब्रुवारी

रिक्षानं जातो, रिक्षानं येतो. लाज वाटते. पण बरंही वाटतं, हेच वाईट.

२० फेब्रुवारी

कचेरीच्या जिन्यात छातीत कळ आली. डावा हात जड झाला. पायरीवरच बसलो. नत्थुजी शिपायानं पाणी पाजलं. डॉक्टर म्हणाले, हा इशारा आहे. पंधरा दिवस पडून राहा, मग हळूहळू चाला, आणि त्या खुर्चीतून उठा एकदाचे. पोरी लहान आहेत. भ्यालो, फार भ्यालो.

१२ मार्च

शेतमोजणीकडे बदली मागितली. साखळी ओढायला माणसं असतात, आपण धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून फिरायचं. "एक पायरी खाली याल," साहेब म्हणाले, "लोक खुर्चीसाठी भांडतात." मी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. भांडायचं त्राण नाही.

१९ मार्च

हुकूम आला. आईला सांगितलं. तिनं अबोला धरलाय. भाकरी थापते, माझ्याकडे पाठ करून.

२४ मार्च

आई आज बोलली – "सोडाच्या आंधी मले ते खुर्ची तं दाखव." बारा वर्षांत ती कचेरीत कधी आलीच नव्हती! शनिवार, दुपारी सगळे पांगल्यावर नेलं. पदरानं खुर्ची पुसून बसली. हात टेकले. जरा वेळानं इकडे सरकली, मग तिकडे. "देवमन, हे तं नुसत्या लाकडाची हाये रे!" उठली. "कंबर धरते इच्यात. बारा वर्सं कसा बसला बाप्पा? चाल."

बाहेर श्रावण उभा होता. तिनं त्याला परत पाठवलं, आणि पुलापर्यंत माझ्या पुढं पुढं चालत राहिली.