आईच्या वाटणीचा वरणभात

इंगोलश्टाट, जर्मनी, २३ नोव्हेंबर २०१४

सौ. विहीणबाई मालिनीताई यांस,
कुंदाचा स. न. वि. वि.

फोन केला की दीनानाथराव उचलतात आणि तुम्ही पूजेला बसलाय म्हणून सांगतात. दिवसभर कोण पूजा करतं? म्हणून पत्र लिहितेय. मी सातवी पास, तुम्ही शाळेतल्या बाई. लाल पेन लांब ठेवा आणि वाचा.

माझा व्हिसा येईपर्यंत शमिकाचं तेरावंसुद्धा होऊन गेलं. सून अशी उभ्या उभ्या, डोक्यातली शीर फुटून गेली आणि सासू महिन्यानं पोचली. काय बोलायचं त्यावर? मी आल्या आल्या पदर खोचला. कपिलची दाढी वाढलीय. सकाळी कारखान्यात जातो, संध्याकाळी येतो, तिच्या खुर्चीकडे पाठ करून बसतो. त्याला मी बघून घेईन.

काळजी इराची आहे. सहा वर्षांची पोर, काही खात नाही. काय करू म्हणून विचारलं की रोज एकच, आईचा वरणभात. केला की ताटापुढे नुसती बसते. हात लावत नाही. उरलेलं टाकायला गेले तर अशी रडली की खालची म्हातारी दार वाजवायला आली. माझ्या हाताला शमिकाची चव नाही, एवढंच मला कळतं. ती तुमच्याकडून शिकलेली. तुम्ही वरणात काय घालता ते कळवा. गूळ घालता म्हणे. आमच्या कराडकडे वरणात गूळ घातला तर पाहुणा उठून जाईल, पण पोरीसाठी तेही करीन. चार ओळींत लिहा, पानं भरू नका.

दीनानाथरावांना नमस्कार. माझ्यावर लोभ कमी असला तरी चालेल, इरावरचा कमी करू नका.

कुंदा


पुणे, ५ डिसेंबर २०१४

श्रीमती कुंदाताई यांना,
मालिनीचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. मी पूजा करत नाही हे तुम्ही बरोबर ओळखलंत. देवघरात नुसती बसते. दर रविवारी अकराच्या सुमारास शमिकाचा फोन यायचा. कणकेचे हात पुसत धावायचे मी. आता घंटा वाजली की पाय तसेच उठतात, आणि मग आठवतं. म्हणून नाही उचलत. रागावू नका.

वरण अगदी साधं. तुरीची डाळ मऊ शिजवायची, हळद आणि हिंग शिजतानाच. मग घोटून मीठ आणि सुपारीएवढा गूळ. फोडणी नाही, कोथिंबीर नाही. भात जरा आसट. तूप भातावर नाही, वरणावर. शमिकाला ते पिवळ्यावर पसरताना बघायला आवडायचं. लहानपणी त्यासाठी पाटावर उभी राहायची. एवढंच. ह्यात न जमण्यासारखं काही नाही, तरी लिहायला मला दोन दिवस लागले.

आता मनातलं लिहिते. इराला माझ्याकडे पाठवा. कपिलरावांना नोकरी आहे, तुमचा व्हिसा फेब्रुवारीत संपतो. मग त्या पोरीला कोण जेवायला घालणार? शमिकाची खोली तशीच आहे. मी पुन्हा सगळं करीन हो. ह्यांचंही तेच म्हणणं आहे.

तब्येत सांभाळा, थंडीत पायमोजे घाला. आमच्यावर आहे तेवढी माया राहू द्या.

मालिनी


इंगोलश्टाट, १८ डिसेंबर २०१४

सौ. मालिनीताईंना,
कुंदाचा स. न. वि. वि.

तुमचं वरण केलं. पहिल्याच दिवशी ताट रिकामं! मी तर गुळाला हात जोडले. खोलीत एकटीच जेवीन म्हणाली, म्हटलं जेव बाई, कुठंही जेव. आठवडाभर ताट चाटून पुसून परत येत होतं. मी कपिलला म्हटलं, बघ, पुणेकरांचं काहीतरी कामाला आलं.

काल तिला डॉक्टरणीकडे नेलं. वजन आणखी उतरलंय. बाईनं कपिलला जर्मनमधून काय काय विचारलं, आणि तो मान खाली घालून जा, जा, म्हणजे त्यांच्यातलं हो, हो, म्हणत होता. मला वाटलं काटा बिघडलाय. मी स्वतः त्यावर उभी राहिले तर माझं बरोबर दाखवलं. मग अन्न जातंय कुठं? जंत झाले म्हणावं तर त्याचंही औषध झालं.

घरी येऊन कपिल म्हणाला, आई, माझ्यानं नाही होत, फेब्रुवारीत तू जाशील तेव्हा हिला घेऊन जा, मालिनीआई सांभाळतील. मी त्याला फाडफाड बोलले. पोरीची आई देवानं नेली, बाप आपण काढून घ्यायचा का? तुम्हालाही तेच विचारते, राग आला तर येऊ दे. स्वैपाक येत नाही म्हणून कोणी पोर देऊन टाकतं का? स्वैपाक शिकायचा असतो.

म्हणून त्याला ओट्यापाशी उभा केलाय. तांदूळ, डाळ, हळद, मीठ, एवढ्यात माणूस जगतो. पण हा इंजिनियर! डाळीत पाणी किती म्हणून मोजपट्टी घेऊन आला. म्हटलं, बोटाचं पेर बुडव. तर कोणत्या बोटाचं म्हणून विचारतो. कुकरची शिट्टी झाली की घाबरून खिडकी लावतो, शेजारी तक्रार करतील म्हणून. करू देत. त्यांना काय शिट्ट्या येत नाहीत?

पण इरा काटकीसारखी झालीय हो. अंघोळ घालताना पाठीला हात लावायची भीती वाटते. मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देते आणि तोंड फिरवते. तुम्हाला काही सुचतंय का?

लोभाचं तुम्ही बघा, मला उत्तर लवकर पाठवा.

कुंदा


पुणे, ३० डिसेंबर २०१४

श्रीमती कुंदाताईंना,
मालिनीचा नमस्कार. वि. वि.

तुमच्या पत्राचा राग आला. चार दिवस उत्तर लिहिलं नाही. तुम्ही मुलाला कुकर शिकवा, पण तोवर ती पोर संपेल त्याचं काय? रिकामं ताट बघून तुम्ही खूश झालात, मी पत्र वाचूनच घाबरले. तिच्या शाळेचं मी इथे बोलून ठेवलंय. पहिलीत घेतील. मराठी येईल हळूहळू.

तुम्हाला मुलगा आहे, कुंदाताई. ओरडायला का होईना, समोर आहे. मला आता इराशिवाय काय उरलं? मी बाप काढून घेत नाही. मी माझी मुलगी मागतेय.

कपिलरावांना मी ह्यांच्याकडून फोन करवला आहे. ते तयार आहेत. तिकीट तुमच्याबरोबरच काढायचं ठरलं. तुम्ही अडवू नका, एवढीच विनंती.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

मालिनी


इंगोलश्टाट, १३ जानेवारी २०१५

सौ. मालिनीताईंना,
कुंदाचा स. न. वि. वि.

आधी खाली बसा, मग वाचा.

गेल्या सोमवारी दाराला चिठ्ठी. हाउसमाइस्टरची, म्हणजे इथला बिल्डिंग सांभाळणारा. कपिलनं वाचली. तुम्ही बाल्कनीतून कबुतरांना खायला घालता, ते बंद करा. मी भडकले. मी कशाला घालतेय कबुतरांना? त्याला चांगलं झापायचं ठरवलं आणि पुरावा बघायला बाल्कनीत गेले. सायकलीच्या मागे वाट्या. घरातल्या सगळ्या. मी आठ दिवस वाट्या शोधत होते आणि कपिलला बोलत होते. प्रत्येकीत वरणभात, गोठून दगड झालेला. वर बशा झाकलेल्या, वारा लागू नये म्हणून. एकदोन बशा पडल्या होत्या, तिथं कबुतरं बसलेली.

इरा मागे येऊन उभी. मी ओरडले नाही.

मग कपिलनं तिला मांडीवर घेतलं आणि तिचं जर्मन मला मराठीत सांगत गेला. तेराव्याला त्यानं तुम्ही सांगितलं तसं शमिकाच्या आवडीचं पान वाढून बाल्कनीत ठेवलं होतं. इरानं विचारलं तेव्हा सांगितलं, आईसाठी आहे, आईला पोचेल. थांबले दोघं. इथं कावळे आहेत, पण एक फिरकला नाही. अंधार पडल्यावर त्यानं पान उचललं आणि खाली बायोटोनेत, म्हणजे खरकट्याच्या डब्यात, टाकून आला. तो तरी काय करणार? एकटा होता. इरा खिडकीतून बघत होती.

तेव्हापासून तिचं हे चाललंय. आई जेवलीच नाही, तिचं जेवण पपांनी कचऱ्यात टाकलं. म्हणून स्वतःचं ठेवते. आईचं पोट भरेपर्यंत आपण कसं जेवायचं, असं म्हणाली.

चव नव्हती बिघडली, मालिनीताई. तुमचीही नाही, माझीही नाही.

मी सांगितलं, आईला आता भूक लागत नाही. तर तिनं विचारलं, मग पपांनी पान का ठेवलं? सांगितलं, आई देवाघरी जेवते. तर म्हणाली, देवाला आईचा वरणभात करता येत नाही. मी आयुष्यात कुणाला उत्तर द्यायला थांबले नाही, आणि ह्या पोरीपुढे बसून राहिले. कपिल न्हाणीघरात नळ सोडून रडत होता.

तुम्ही इतकी वर्षं पोरं शिकवलीत. काय सांगू ते लिहा. तिकिटाचं मी आता काही बोलत नाही. तुम्ही म्हणाल तसं.

कुंदा


पुणे, २४ जानेवारी २०१५

कुंदाताई,
नमस्कार.

इराला हे वाचून दाखवा. नाही कळलं तर कपिलरावांनी सांगावं.

इरा राजा, तुझी आई आजीकडे जेवते. पुण्याला, स्वतःच्या घरी. तिकडे तिला कोणी वाढलं नाही म्हणून ती माहेरी आली. माहेरी आलेल्या मुलीला कोणी उपाशी ठेवत नाही. मी रोज दुपारी तिचं पान वाढते. भात, वरण, वरणावर तूप. स्वैपाकघराच्या खिडकीत ठेवते. इथले कावळे ओळखीचे आहेत, लगेच येतात. आजोबा बघतात आणि मला सांगतात, जेवली गं. तेव्हा तू तुझ्या वाटणीचं सगळं खायचंस. आईचं आजी बघते.

हे खोटं नाही, कुंदाताई. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून खरंच वाढते आहे. पहिल्या दिवशी कावळा आला तेव्हा मी ह्यांना हाक मारली. शमिका गेल्यापासून मी तूप कढवलं नव्हतं. आता कढवावं लागतं.

इराचं तिकीट काढू नका. मी पुष्कळ विचार केला. ती इथे आली की दारातून आधी स्वैपाकघरात धावेल. आई कुठे आहे म्हणून विचारेल. खोल्या बघेल, कपाट उघडेल. मी तिला काय दाखवू? एक तर तिची आई इथे जेवेल, नाहीतर इरा इथे राहील. दोन्ही मला मिळणार नाही. तिला बापाजवळ राहू दे. कपिलरावांना कुकर नीट शिकवून निघा.

शाळेत मी नाही म्हणून कळवलं आहे. खोलीला कुलूप लावलं नाही, नुसतं दार लोटलंय.

इराला माझा पापा.

मालिनी


इंगोलश्टाट, ४ फेब्रुवारी २०१५

मालिनीताई,
स. न. वि. वि.

वाचून दाखवलं. दोनदा मी, एकदा कपिलनं जर्मनमध्ये. तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, आजी आईला गरम गरम वाढते का? कपिल म्हणाला, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, एकदम गरम. मग तिनं पाट्यासारखा घट्ट झालेला कपिलच्या हातचा भात खाल्ला. सगळा. पुन्हा मागितला. मी कौतुक केलं नाही, नजर लागते. मागे वळून भांडी घासत बसले, घासलेलीच.

डॉक्टरणीनं काल वजन बघून मान डोलावली. कपिलला आता वरण जमतं, भात कधी जमतो कधी नाही. सकाळी डबा भरून देतो. इरा शाळेत गेल्यावर तिची वेणी घातलेला कंगवा हातात धरून उभा राहतो. राहू दे. इरा संध्याकाळी येते, त्याला उभं राहायला वेळ मिळत नाही.

मी पुढच्या रविवारी निघते. कराडची गाडी धरायची नाही, मुंबईहून सरळ तुमच्याकडे येते. श्रीखंड, पुऱ्या असला पसारा मांडू नका, मला चालायचा नाही. तेच करा, वरणभात. माझं पान शमिकाच्या शेजारी मांडा. लग्न झाल्यापासून सणावाराला ती वाढायची आणि मी जेवायचे, नाहीतर मी वाढायचे आणि ती जेवायची. एका पंगतीला आम्ही दोघी कधी बसलोच नाही.

तुम्ही वाढा. मग तुम्हीही बसा.

तुमची,
कुंदा