अननसाच्या शेतातली पायवाट वगळून

वाहनमोजणीच्या त्या सात दिवसांत मी पायी जाणारी माणसेही मोजली असती, तर सरकारी रस्ता आमच्या दवाखान्यावरून गेला असता का? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. पुष्कळ विचार केला. ज्या गोष्टी नक्की ठाऊक आहेत, त्या खाली लिहून ठेवते.

मी एडिना कामवेंगू, वय सव्वीस, अविवाहित, राहणार चिलोबे गाव, वायव्य प्रांत, झांबिया. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे आणि हे लिहिण्याची सक्ती मला कोणी केलेली नाही. उलट आईने माझी वही दोनदा उचलून पिठाच्या डब्यामागे लपवली. मरणाचे नाव काढले की ते पत्ता विचारत येते, असे तिचे म्हणणे. लहानपणीच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप आखडली आहे. २९ मे रोजी लुसाकाच्या मोठ्या इस्पितळात तिच्यावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, दहांपैकी नऊ जण चालत घरी जातात. मी मोजणीचे काम केलेले असल्यामुळे दहाव्याचाही विचार करणे मला भाग आहे.

दुसरे कारण असे, की माझे वडील कागद न करता गेले. त्यांना पुरून आम्ही घरी आलो, तोवर त्यांचे भाऊ बॉर्नफेस काका छपरावर चढले होते. रूढीप्रमाणे भावाचे ते भावांचे, असे म्हणत त्यांनी पत्रे काढले, पलंग नेला, शिवणयंत्र नेले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. अशी लूट कायद्याने गुन्हा आहे हे मला विद्यापीठात गेल्यावर कळले. आमच्या घरात विद्यापीठाची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे कागद करण्याची जबाबदारीही माझीच.

म्हणून माझ्या माघारी पुढीलप्रमाणे व्हावे.

एक. दोन खोल्यांचे घर, त्यावरचे पत्रे आणि पत्र्यांचे खिळेसुद्धा आईचे, फॅनी चियेसू हिचे. बँकेत जे काही असेल तेही तिचे. तिने ते माझ्या दफनाच्या जेवणावर घालवू नये. आलेल्यांना न्शिमा, म्हणजे कसावा कंदाच्या पिठाची घट्ट उकड, आणि पालेभाजी पुरे.

दोन. बॉर्नफेस काकांनी तेव्हा आमचे मोठे पातेले नेले, पण घाईत झाकण राहिले. ते आम्ही पंधरा वर्षे जपून ठेवले आहे. ते झाकण मी बॉर्नफेस काकांना देते. त्यांनी स्वतः येऊन न्यावे. आईने त्यांना चहा द्यावा आणि पातेले कसे आहे एवढेच विचारावे.

तीन. माझी पुस्तके गावच्या शाळेला. भूमितीच्या पुस्तकात पान चौऱ्याऐंशीवर उत्तर चुकलेले आहे, मी शिसपेन्सिलीने दुरुस्त केले आहे, ते खोडू नये.

चार. घडीचे स्टूल दवाखान्यात ठेवावे, रांगेत उभ्या राहणाऱ्या गरोदर बाईसाठी. हे स्टूल खरे तर परिचारिका मुटिंटा यांना हवे होते. पण मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम आहे. "एक तर स्टूल घ्या, नाही तर सही करा," असे मी म्हटल्यावर त्या बराच वेळ स्टुलाकडे पाहत राहिल्या आणि मग सही करायला तयार झाल्या.

हे स्टूल कुठून आले ते सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी पदवी हातात पडली आणि मला रस्ते खात्याच्या वाहनमोजणीवर काम मिळाले. आमच्या भागात डांबरी रस्ता होणार होता, पैसा सरकारचा. तो दवाखाना आणि शाळेवरून जाणाऱ्या जुन्या मातीच्या वाटेने न्यायचा, की तांब्याच्या खाणीपासून थेट सरहद्दीच्या हमरस्त्याला, हे ठरायचे होते. मी तिठ्यावर मुबांगाच्या झाडाखाली, त्या कामासाठी घेतलेल्या याच स्टुलावर, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा बसायचे. समोरून गेलेल्या प्रत्येक वाहनासाठी तक्त्यात एक उभी रेघ, पाचवी आडवी. रकाने पाच: मोटारसायकल, मोटार, लहान बस, ट्रक, अवजड ट्रक. पायी चालणाऱ्यांसाठी रकाना नव्हता आणि सायकलींसाठीही नव्हता.

मी साहेबांना विचारले. श्री. सिल्वाम्बा सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "मिस कामवेंगू, पायांनी रस्ता झिजत नाही." यामागे मला अजून न शिकवलेले काही शास्त्र असेल असे मला वाटले. नवी नोकरी होती आणि तक्ता नीटनेटका ठेवण्याचा मला अभिमान होता.

गावात मात्र बातमी पोचली होती, की ज्या वाटेवर जास्त वर्दळ दिसेल तिला डांबर मिळणार. तिसऱ्या दिवशी साकुवाहा मामा, म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ, सायकलवर अननसांचे पोते लादून दवाखान्याच्या वाटेने आला आणि ओळख नसल्यासारखा पुढे गेला. अर्ध्या तासाने त्याच बाजूने पुन्हा आला, या वेळी डोक्यावर टोपी. तिसऱ्या खेपेला टोपी उलटी होती. त्याच्या मागून चर्चमधल्या महिला मंडळाच्या बाया रविवारचा गणवेश घालून, डोक्यावर रिकामी घमेली घेऊन, एकदा इकडून आणि एकदा तिकडून गेल्या. चौथ्या वेळी मामा माझ्यापाशी थांबला. त्याला धाप लागली होती.

"मामा, तू चौथ्यांदा जातोयस. मला खोटं लिहिता येणार नाही."

"खोटं कोण लिही म्हणतंय? चार वेळा गेलो की नाही मी? मग चार लिही."

मी हसले. ते हसणे त्याने होकार समजला आणि घरी गेला. त्याला चार वेळा तर नाहीच, मी एकदाही लिहिले नव्हते.

अहवाल आला, तो मुखियाच्या अंगणात वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडेच आले. नव्वद टक्के भार अवजड वाहनांचा, हलकी वर्दळ नगण्य. मामाने नगण्यचा अर्थ विचारला. मोजण्याजोगी नाही, असे मी सांगितले.

"पण तू तर मोजत होतीस," तो म्हणाला.

मी पुढचे पान वाचायला घेतले.

रस्ता झाला. चव्वेचाळीस किलोमीटर, खाणीच्या फाटकापासून सरहद्दीच्या हमरस्त्यापर्यंत, आरशासारखा. त्यावरच्या दर पाच वाहनांतली चार खाणीची असतात. रस्त्यात डिझेलवरच्या कराचा पैसा आहे. म्हणजे आमच्या बाया डिझेलच्या गिरणीवर कसावा दळून घेतात तेव्हा त्याही या रस्त्याला थोडेथोडे देतात. बदल्यात खाणीने गिरणीसाठी काय दिले हे मी अर्ज करून विचारले आहे, उत्तर आलेले नाही. दवाखान्याची वाट होती तशीच मातीची राहिली. शिवाय आता गाव एका बाजूला आणि दवाखाना दुसऱ्या, मध्ये पुरुषभर उंच भराव आणि दोन्ही अंगांना खोल चर.

पाच. माझी सायकल दोन नव्या टायरांसकट साकुवाहा मामाला. कारण सातव्या कलमात आहे. मामाने साक्षीदार म्हणून सही करण्याचा हट्ट धरला होता. सायकल मिळणार असल्याने सही करता येत नाही हे कळल्यावर तो म्हणाला, "शिकलेल्यांच्या घरात राहायचं म्हणजे देणगीसुद्धा शिक्षेसारखी घ्यायची."

सहा. आता शेत. मला पदवी मिळाली तेव्हा मुखिया काकोमा यांनी आईचे अर्धा एकर अननसाचे शेत माझ्या नावे केले, त्यावर मुखियांच्याही वरच्या मोठ्या प्रमुखांचा शिक्का आहे. आमच्या गावाजवळ रस्ता जमिनीच्या पातळीला येतो तो फक्त या शेतापाशी. त्यामुळे दवाखान्यात जाणारे सगळे माझ्या अननसांमधून जातात. गेल्या पावसाळ्यात गावातल्या न्याचिलोम्बोला कळा सुरू असताना सायकलवर बसवून इथूनच नेले. मुलगी झाली.

रिकामे ट्रक उभे करायला खाणीच्या कंत्राटदारालाही हीच सपाट जागा हवी आहे, कुंपण घालून. तो निरोप माझा धाकटा भाऊ टेडी घेऊन आला. टेडी खाणीच्या वजनकाट्यावर कारकून आहे. तो वाईट मुलगा नाही, हे वाक्य त्याला वाचून दाखवताना दोनदा वाचावे.

"ताई, अननस काय, कुठेही येतील. ट्रक उभे करायला मात्र एवढीच जागा आहे."

"माणसांना पलीकडे जायलाही एवढीच आहे."

"माणसं भराव चढतील. चढायची सवय आहे आपल्याला."

"पोटुशीला?"

 तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुला काही झालं तर शेत माझ्याकडेच येणार ना? मग आत्ता कशाला भांडायचं?" बोलून गेल्यावर त्याला त्याचे वाईट वाटले असावे, कारण संध्याकाळी तो माझ्यासाठी बाजारातून माझा आवडता खाऊ, तळलेल्या अळ्या, घेऊन आला. पण तो म्हणाला ते खरेच होते. रूढीनेही आणि माझ्या इच्छेनेही शेत त्याच्याकडेच जाणार.

तर शेत मी टेडीला देते. त्यातली पायवाट वगळून.

पायवाट म्हणजे गावाकडच्या बांधापासून रस्त्याच्या कडेपर्यंतची सरळ पट्टी, सहा पावले रुंद, जेणेकरून अननसांनी लादलेल्या दोन सायकली एकमेकींना न घासता जातील. ती मी कोणालाच देत नाही, कारण ती माझी राहिलेली नाही. परवा, गुरुवारी, ती मी गावाला दिली. प्रमुखांचा शिक्का मारलेला कागद मुखियांकडे आहे, प्रत दवाखान्याच्या भिंतीवर आहे. दोन्ही कडांना मुयोंबूचे ओले खुंट लावले, ते रुजून त्यांची झाडे होतात. हे झाड आमच्याकडे पूर्वजांना हाक मारून लावतात, त्यामुळे ते उपटायला कंत्राटदाराला मजूर मिळणार नाही. खुंट ठोकायला टेडी आला.  रागाने ठोकत होता, म्हणून त्याच्या बाजूचे सगळ्यांत खोल गेले. पाऊस सुरू होईपर्यंत त्यांना रोज पाणी घालावे. निम्मे टेडीने, निम्मे मामाने.

सात. या जागी मी आधी असे लिहिले होते: "मोजणीच्या आठवड्यात मी साकुवाहा मामाला एकदाही लिहिले नव्हते, हे माझ्या मृत्यूनंतर त्याला वाचून दाखवावे." हे कलम मी खोडते. मेल्यावर खरे बोलायला धीर लागत नाही, हे लिहिता लिहिताच माझ्या ध्यानात आले.

गुरुवारी खुंट ठोकून झाले तेव्हा मामा बांधावर बसला होता. मी त्याला सांगितले. रकाना नव्हता हेही सांगितले, आणि रकाना नव्हता तरी तोंड होते हेही.  रस्त्यावरून एकामागोमाग तीन ट्रक गेले.

"म्हणजे माझे टायर फुकट झिजवलेस," तो शेवटी म्हणाला. मग उठला, सायकल हातात धरली. "स्टूल आण तुझं."

मी स्टूल आणले, वही उघडली, रकाना आखला आणि वर लिहिले: पायी व सायकलने. दुपारपर्यंत दोनशे चौदा रेघा झाल्या. त्यांत मामाच्या चार, पैकी एक उलट्या टोपीची. ते पान सिल्वाम्बा साहेबांच्या नावे पत्र जोडून शुक्रवारी टपालात टाकले आहे.

हे सर्व मी स्वतः लिहिले आणि पुढील दोघांच्या समोर सही केली. त्यांना यातून काहीही मिळणार नाही, स्टूलसुद्धा नाही.

एडिना कामवेंगू (सही)

साक्षीदार:
काकोमा, मुखिया, चिलोबे (सही)
मुटिंटा हामून्गा, परिचारिका, चिलोबे दवाखाना (सही)

चिलोबे, शनिवार, २० मे २०२३