हँडलजवळचा जोड

३ फेब्रुवारी
धाकट्या बहिणीची मोटरसायकल मधूनच बंद पडते. मिस्त्रीकडे निघाली होती — मीच अडवलं. शाळेत मुलांना वीज शिकवतो मी, घरची एक तार जोडता येऊ नये? हँडलजवळ तार तुटलेली होती. सोलली, पिळली, वर चिकटपट्टी. बटण दाबलं — सुरू! आईसमोर ऐटीत हात झटकले. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो म्हणा, पण मजा आली.

९ फेब्रुवारी
धाकटी पडली. चौकात वळताना गाडी एकाएकी बंद, मागून टेम्पोचा धक्का. डावं मनगट मोडलंय. गाडी मिस्त्रीने ढकलत घरी आणून दिली.

१० फेब्रुवारी
आई धाकटीला घेऊन दवाखान्यात गेल्यावर गाडी उघडली. हँडल सरळ असेपर्यंत ठीक. वळवलं की तार ताणली जाते आणि माझा जोड सुटतो. तार जरा सैल सोडायला हवी होती. मी हँडल वळवून पाहिलंच नव्हतं!
नवा तुकडा घालून कथिलाचा पक्का डाग दिला, कुणी यायच्या आत. जोड लपवताना हात अजिबात थरथरला नाही. त्याचीच जास्त लाज वाटते.

१३ फेब्रुवारी
आई म्हणते गाडी विका, झेपत नाही तर हौस कशाला. धाकटी घरोघरी जाऊन रुग्ण बघणारी नर्स. गाडी गेली की ते काम गेलं, मग कचेरीत बसून कागद भरायचे. ती परोपरीने सांगत होती, गाडी आपोआप बंद पडली. जेवताना आईने मला विचारलं, "तू नीट करून दिली होतीस ना रे?"
"हो," म्हणालो.
धाकटी माझ्याकडे बघत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी — आणि चोराने दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली.

१४ फेब्रुवारी
उद्या सांगतो.

१६ फेब्रुवारी
नाही सांगितलं.

१९ फेब्रुवारी
गाडी विकली. घेणाऱ्याने चक्कर मारली, म्हणाला, झकास चालते. चालणारच! धाकटीने उजव्या हाताने किल्ली दिली. मी आत पेपर तपासत बसलो होतो. एकाही पेपरावर गुण मांडले नाहीत.

२० फेब्रुवारी
सांगितलं. सगळं. धाकटी रडली नाही, चिडली नाही.
"मी पडले त्याच दिवशी मिस्त्रीने फोन करून सांगितलं होतं, तुझा जोड सुटला म्हणून, दादा. तू बोलशील म्हणून थांबले होते. कालपर्यंत."