कच लागली म्हणून आणलेला खल

माघ शुद्ध ३, शके १८६१

आज पुन्हा चटणीत कच! दाताखाली कचकन वाजलं अन् ह्यांनी घास तसाच गिळला, माझ्याकडं न बघता. घरातलं उखळ सासऱ्यांच्या आज्याच्या वेळचं. बुडाला तडा गेलाय, भुगा सुटतो. थोरल्या जाऊबाईंना, नीलम्माक्कांना, सांगितलं तर म्हणाल्या, "आमाला इतकी वर्षं न्हाई लागली. तुलाच कशी लागायली?"

चूल त्यांची, उखळ त्यांचं, मीठ किती तेही त्यांचंच. मी पीठ मळणारी.

माघ शुद्ध ५

ह्यांच्यासंगं ताडकळसच्या बाजाराला गेले. चोळीसाठी आईनं दिलेले पैसे गाठीला होते. म्हटलं, चोळी राहू दे, खलबत्ताच घेऊ.

मी आधी चकाकता पितळी उचलला. पाथरवटाची तानुबाई दगडी खल मांडून शेजारीच बसलेली. हसली मोठ्यानं. "पितळेत चिंच कुटशील अन् घरदार वकायला लावशील!" मग तिनंच शिकवलं. बत्त्यानं ठोकून बघ, खणखण वाजला तर घे, भदभद वाजला तर ठेव खाली. पाणी ओत, वाळू दे. एखादी रेघ ओलीच राहिली तर तिथं चीर हाय. अन् उथळ घेऊ नको, मिरची डोळ्यात उडती.

काळा, खोल पोटाचा घेतला. बत्ता मुठीत नीट बसतो. लय जड! ह्यांनी काही न बोलता खांद्यावर घेतला.

माघ शुद्ध ६

नव्या दगडाचा भुगा निघून जावा म्हणून ओसरीवर बसून खलात मूठ मूठ ज्वारी कुटली. पहिलं पीठ राखाडी निघालं, फेकलं. पुन्हा कुटलं, पुन्हा फेकलं. सहाव्यांदा पांढरं आलं! तळहाताला फोड.

अक्का दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. आत्याबाई, माझ्या सासूबाई, देवळातून आल्या, खल बघितला, पदर ओढून आत गेल्या. जेवल्याच नाहीत. मी काय केलं?

माघ शुद्ध ७

ह्यांनी सांगितलं. ह्या घरात वेगळी निघणारी सून आधी नवा खल आणते, मग चूल मांडते. नवा खल आला म्हणजे भाऊ वेगळे झाले.

अगं बाई! माझ्या माहेरी, पेडगावला, असलं काही नाही. "मग बाजारातच का नाही बोललात?" तर म्हणतात, "मला वाटलं तुला ठाव हाय."

वाटलं म्हणे! अन् तरी खांद्यावर वाहून आणला!

माघ शुद्ध ८

आत्याबाई माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईनात.

माघ शुद्ध १०

लसूण-मीठ घासून खल धुतला अन् कारळाची चटणी कुटली. कच नाही, काही नाही. एकटीच भाकरी घेऊन बसले.

खोटं कशाला लिहू? चटणी गोड लागली ती माझ्या मनासारखी केली म्हणून. कुणी मधे हात घातला नाही, नाक मुरडलं नाही. लग्नाला सात वर्षं झाली, आज पहिल्यांदा वाटलं, मी काहीतरी रांधलं. वेगळी चूल असती तर — हे मनात आलं. आलं ते आलं. दिवसभर तेच फिरायलंय डोक्यात.

पण गाव म्हणेल, धाकटीनं घर फोडलं. अन् आत्याबाईंचं ते तोंड आठवलं की घास उतरत नाही. त्या कधी मला टोचून बोलल्या नाहीत. नको. येत्या बाजारी परत देऊन टाकते.

माघ शुद्ध १२

खल पोत्यात बांधला. आत्याबाई दारात आडव्या आल्या.

"कुठं निगालीस?"

"परत द्यायला. चुकलं माझं."

पोत्यावर हात ठेवला त्यांनी. "मीबी आणला हुता. तुज्याच वयाची हुते. सासूचं तोंड बगून वापस देऊन आले. इतके दिस तुज्याशी बोलले न्हाई, पर राग तुजा न्हवता बाई, माजाच हुता, तवा वापस का दिला म्हणून. तू नको देऊस."

गाठ त्यांनीच सोडली. आम्ही वेगळे निघायलोत!