ग्लोबची कंबर सदतीस इंच

बाबा,

तुम्ही फिरून येईपर्यंत थांबणार होते, पण टॅक्सी आधीच दारात येऊन उभी राहिली.

काल विमान कंपनीत फोन करून विचारलं. आपल्या विमानतळापासून माझ्या नव्या नोकरीच्या गावापर्यंत दोन हजार एकशे पन्नास किलोमीटर, आणि विमानाला तीन तास. त्याआधीच तुम्ही टेपने नातीच्या ग्लोबची कंबर मोजली होतीत, सदतीस इंच. दोन गावांमधलं अंतर भरलं दोन इंच. पृथ्वीचा घेर तिच्या भूगोलाच्या पुस्तकातून घेतलात आणि सांगितलंत, दोन हजार एकशे साठ! दहा किलोमीटर शिलाईत गेले म्हणायचे. आम्ही नवरा-बायको भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावून भांडत होतो, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "गोल अंगाचं माप सपाट घेतलं की कपडा फसतो." चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसालाच हे सुचावं. धन्य आहात.

नात चारला शाळेतून येईल. तिचं खाणं ओट्यावर झाकून ठेवलंय.

तुमचे चिरंजीव अजून भिंतीकडे तोंड करून झोपलेत. रविवारपासून त्यांचं एकच पालुपद, "एवढ्या लांब?" उठल्यावर तुम्हालाही तेच विचारतील. किलोमीटर सांगू नका. काल रात्री मला धीर देताना म्हणालात तेच सांगा, एक शर्ट कापून, शिवून, काजं-बटणं होईपर्यंत ती पोहोचते.

कापड मशीनवर ठेवलंय. माप त्यांचंच घ्या, तेवढा वेळ तरी सरळ उभे राहतील. विमान दहाला सुटतं. कात्री तेव्हाच लावा.

तुमची सूनबाई