कनेरगाव नाक्याची शुद्ध हवा

१ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या शास्त्रज्ञांच्या वह्या पुढे शोधल्या जातात, म्हणून अक्षर नीट काढतोय.
विषय: हळदीच्या पॉलिशमधून उडणारी धूळ आणि हवेतले सूक्ष्म कण. पीएचडीला नोंदणी करून सहावं वर्ष. ३० एप्रिलपर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. ही तिसरी आणि शेवटची मुदतवाढ. प्रबंध नाही तर प्रमोशन नाही. पण साठ दिवस म्हणजे पुष्कळ झाले.
प्रियदर्शनी म्हणाली, मागच्या वर्षीही साठच होते. बायकोकडे दुर्लक्ष करणं हा संशोधनाचा भाग आहे.

२ मार्च
कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर सॅम्पलर बसवला. पंप हवा ओढतो, फिल्टरच्या कागदावर धूळ बसते, आठवड्यानं कागदाचं वजन करायचं. झालं विज्ञान.
जागा नामी. प्रेमदासचा हळद पॉलिशचा ढोल ट्रॅक्टरवर फिरतो आणि वीस पावलांवर त्याच्या घराची गच्ची, तिथंच सॅम्पलर. ढोल सुरू झाला की समोरचं माणूस दिसत नाही. असे आकडे येतील की दिल्ली लाजेल.
मशीनची जबाबदारी प्रेमदासच्या आईवर, जिवनबाईवर; तो तिला याडी म्हणतो. सक्त सूचना दिल्या: कॉलेजची आहे, महागाची आहे, जिवापाड जपा. घोर नका करू सर म्हणाली, लेकरासारखी सांभाळीन. गुणी बाई.

८ मार्च
पहिला कागद काढला. निघण्याआधी प्रेमदासला फोन केला होता, शिष्टाचार म्हणून. मशीन लखलखीत. मी मात्र पाच मिनिटांत डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. खोकला आला. कालचं दही आंबट होतं.

९ मार्च, लॅब
कागदावर जवळजवळ काहीच नाही. तीनदा तोललं. तराजू बिघडलाय.
दुपारी: तराजू ठीक आहे.

११ मार्च, सकाळ
आंघोळ करताना उलगडा! हळद जखमेवर लावतात, दुधात घालतात. मग हवेला का गुण येणार नाही? हळदीचे कण घातक कणांना धरून खाली बसवतात. नाव: हरिद्रा परिणाम. पुढे लोक माझं आडनाव लावतीलच. प्रबंधाचं शीर्षक उलटं करावं लागेल. किरकोळ काम.

१५ मार्च
आज फोन करायचा राहिला. पाहतो तर सॅम्पलरवर जुनी साडी, चारपदरी घडी करून पांघरलेली, कडेनं दगड. मूळ रंग ओळखू येऊ नये इतकी पिवळी. मला पाहताच जिवनबाईनं लगबगीनं उचलून बाजूला ठेवली. मला भरून आलं. देवाला शेला पांघरावा तसा या माणसांनी विज्ञानाला मान दिलाय. आभार मानले.
दुसरा कागद पहिल्यापेक्षा कोरा. तिला सांगितलं, तुमची हवा जिल्ह्यात सगळ्यात शुद्ध. तिनं विचारलं, मग मला दम काहून लागून राहिला? म्हटलं, वय. ढोलापाशी बसताना तोंडाला पदर बांधायची, तो सोडायला लावला. अशी हवा छातीभर घ्यावी.

२२ मार्च
प्रियदर्शनीला साडीचा प्रसंग सांगितला, डोळ्यांत पाणी येईल म्हणून. ती म्हणाली, पांघरूण घेतलेल्या मशीनला धूळ दिसेल कशी? मराठी घेऊन बी. ए. झालेली आहे. दोन दिवस बोलायचं नाही असं ठरवलं.
खोकला वाढलाय. तिची फोडणी.

५ एप्रिल
हिंगोलीत हळदीच्या व्यापाऱ्यांपुढे व्याख्यान. टाळ्या. एकानं विचारलं, हे पोत्यावर छापता येईल का? व्यापाऱ्यांना विज्ञान लवकर कळतं.

१२ एप्रिल
प्रबंधाची चार प्रकरणं तयार. मनात. कागदावर एक: ऋणनिर्देश. जिवनबाईचं नाव तिसऱ्या क्रमांकावर, प्राचार्यांच्या खालोखाल.

२२ एप्रिल, नांदेड
गाइडनी आकडे पाहिले. म्हणाले, अशी हवा हिमालयातही मिळत नाही. मशीन चालू असतानाचा फोटो मागितला. मी ऐटीत तिथूनच प्रेमदासला फोन लावला. दहा मिनिटांत फोटो आला, माझा मोबाइल गाइडच्याच हातात होता. धुरळा, ढोल, आणि गच्चीवर साडीचं गाठोडं. खाली मेसेज: "सर, बराबर झाकली हाय. ढोल सुरू करायच्या आधी याडी मशीन झाकती. आजपसवर एक कन आत जाऊ देला न्हाई."
गाइडनी चष्मा काढून पुसला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२३ एप्रिल
दिवसभर जिवनबाईवर चिडलो. संध्याकाळी चिडायला कारण सापडेना.

२५ एप्रिल
सापडलं! साडी! चारपदरी साडी म्हणजेच फिल्टर. पावणेदोन महिन्यांची धूळ तिच्यात बसलीय. तसल्याच कोऱ्या साडीचं वजन वजा करायचं, कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. ढोबळ का होईना, आकडा येईल. चार दिवस, चार प्रकरणं.
प्रियदर्शनी म्हणाली, हे मात्र बरोबर आहे. अकरा वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.
लगेच प्रेमदासला फोन: उद्या येतो, ती साडी मला पाहिजे, याडीला सांग.

२६ एप्रिल
साडी दोरीवर वाळत होती. हिरवी आहे. काठ लाल.
जिवनबाई म्हणाली, सर मागून राहिले म्हणल्यावर मळकी कशी द्यावी? दोनदा साबण लावला, निळीच्या पाण्यातून काढली. घडी करून हातात दिली आणि खोकू लागली. थांबेचना. प्रेमदासनं पाणी दिलं, पाठ चोळली. म्हणाला, परवा दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरनं विचारलं, धुळीत बसता का? याडीनं सांगितलं, न्हाई, सरांनी मशीन लावून मोजलंय, आमची हवा शुद्ध हाय. डॉक्टरनं खोकल्याची बाटली देऊन घरी पाठवलं.
मला लाज वाटली. साडी घेऊन आलो.

४ मे
नोंदणी रद्द. मेल सकाळीच आला.
दुपारी सॅम्पलर काढायला तांड्यावर गेलो. ढोल चालूच होता. जिवनबाईला समोर बसवून सांगितलं, हवा वाईट आहे, मी चुकलो, तोंड बांधल्याशिवाय इथं बसू नका, डॉक्टरांकडे पुन्हा चला, मी येतो बरोबर.
ती समजूत घालावी तशी म्हणाली, "मन छोटं करू नका, सर. मशीन पाहा की. एक डाग तरी हाय का?"